घराणं एकच आहे, मग दोष कुणाच्या बाजूचा?

पत्र:

ताई, माझं वय 29, नवऱ्याचं 32. अकोल्याला राहतो. लग्नाला चार वर्षं झाली. नवरा माझा सख्खा आतेभाऊ, म्हणजे सासूबाई माझी सख्खी आत्याच. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा गेलं, एकदा सातव्या आठवड्यात, एकदा नवव्या. दोन्ही वेळा सोनोग्राफीत ठोके नाहीत म्हणाले. दुसऱ्यांदा पिशवी साफ करताना खूप ब्लीडिंग झालं, एक बाटली रक्त चढवलं, त्याला आता दोन महिने झाले. पुढचा चान्स घ्यायच्या आधी इथल्या सेंटरने जेनेटिक टेस्टची यादी दिलीय. दोघांचं कॅरियोटाइप, ह्यांची वाय क्रोमोझोमची टेस्ट, माझी एमटीएचएफआर, आणि दोघांचं मोठं कॅरियर पॅनेल. सगळं मिळून 52 हजार. ह्यांचा सीमेनचा रिपोर्ट नॉर्मल आहे, काउंट चार कोटी. ते म्हणतात माझं नॉर्मल आहे तर मी कशाला रक्त देऊ. आत्या म्हणते, "आमच्या खानदानात असं काही नाही, काहून पैसे वाया घालता?" मला भीती ही की रिपोर्टमध्ये माझ्यात दोष निघाला तर काय. टेस्ट करू का नको?
ता.क. माझं एचबी कायम 10 च्या आसपास असतं, शाळेपासून गोळ्या खाते. आणि ह्यांच्या आधी आत्याला एक मुलगा झाला होता, तो आठ-नऊ महिन्यांचा असताना गेला, पांढराफटक पडायचा, अंगात रक्तच भरत नव्हतं म्हणतात. दृष्ट लागली असं आजी सांगायची.
– एक मामाची पोर

उत्तर:

अगं मामाच्या पोरी, तू 52 हजारांबद्दल पानभर लिहिलंस आणि खरी गोष्ट ताजा कलममध्ये टाकलीस. त्या यादीतली एकही टेस्ट करायच्या आधी मला त्या आठ-नऊ महिन्यांच्या बाळाबद्दल बोलायचंय.

जन्माला आलं तेव्हा बाळ चांगलं, मग सहाव्या महिन्यानंतर हळूहळू पांढरं पडत जातं, अंगात रक्त राहत नाही, हे वर्णन थॅलेसेमिया मेजरचं, म्हणजे हिमोग्लोबिन नीट बनतच नाही अशा आनुवंशिक आजाराचं, असू शकतं. असू शकतं म्हणतेय, होतंच असं नाही, पस्तीस वर्षांपूर्वी लेकरं मलेरियानं जायची, जंतुसंसर्गानं जायची, कागदपत्र काही नाही आणि आता कुणी सांगूही शकणार नाही. पण आई-वडील दोघांकडे थॅलेसेमिया मायनर (म्हणजे स्वतःला आजार नाही, नुसता वाहक) असेल तरच मूल मेजर होतं. म्हणजे ते बाळ जर खरंच मेजर होतं, तर आत्या मायनर आणि तुझे सासरेही मायनर. आणि आत्या कुणाची बहीण? तुझ्या बाबांची. आता कळलं का मी तिथे का अडकले?

गणित करून दाखवते, अवघड नाहीये. मायनर आई-बापाला होणाऱ्या चार मुलांत सरासरी एक मेजर, दोन मायनर, एक पूर्ण साफ. तुझा नवरा धडधाकट आहे म्हणजे मेजर नाही, उरलेल्या तीन शक्यतांपैकी दोन मायनरच्या, म्हणून तो मायनर असण्याची शक्यता तीनात दोन. आत्याला ते तुझ्या आजीकडून नाहीतर आजोबांकडून आलं असणार, म्हणून तुझ्या बाबांकडे असण्याची शक्यता निम्मी, आणि तुझ्याकडे त्याच्याही निम्मी, म्हणजे चारात एक. दोघंही मायनर असण्याची शक्यता सहात एक. आणि दोघं मायनर असलात तर दर खेपेला बाळ मेजर होण्याची शक्यता चारात एक, सगळं मिळून चोविसात एक. हे सगळं "ते थॅलेसेमिया होतं" असं धरून हं. पण वर तुझं एचबी शाळेपासून 10 वर अडकलंय आणि गोळ्यांनी हलत नाही, ते पाहिल्यावर मी तुझ्या बाजूचा चारात एक हा आकडा जरा वरच धरीन. (अर्थात लोह कमी असलेल्या बायका आपल्याकडे घराघरात आहेत, त्यामुळे तेवढ्यावरून घाबरायचं कारण नाही.)

आता गंमत बघ. हे कळायला लागणारी टेस्ट त्या 52 हजारांच्या यादीत नावानं कुठे लिहिलेलीच नाही. हिमोग्लोबिनची एचपीएलसी. साध्या जांभळ्या बुचाच्या ट्यूबमध्ये थोडं रक्त, उपाशीपोटी जायची गरज नाही, काही शे ते हजार-दीड हजार रुपयांत होते. त्यात एचबीए2 नावाचा आकडा येतो, तो साडेतीन टक्क्यांच्या वर गेला की साधारणपणे बीटा थॅलेसेमिया मायनर. तू विदर्भातली, तर त्याच टेस्टमध्ये सिकलसेल हा हिमोग्लोबिनचा दुसरा आनुवंशिक आजारही दिसतो, तेही बघून घ्यायलाच हवं, कारण एकाला सिकलसेल आणि दुसऱ्याला थॅलेसेमिया मायनर असं असलं तरी मुलाला त्रासाचा आजार होऊ शकतो. "आमचे दोघांचे वेगवेगळे आहेत, मग काय बिघडतंय" असं समजणारे लोक मी पाहिलेत, तसं नसतं. सिकलसेलची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. 2023 च्या जुलैमध्ये केंद्र सरकारनं जे सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू केलं त्यात विदर्भासारखे भाग आहेतच.

पण थांब, तू उद्याच धावत जाऊन रक्त देऊ नकोस. तुला दोन महिन्यांपूर्वी रक्त चढलंय, म्हणजे आत्ता तुझ्या अंगात थोडं दुसऱ्या कुणाचं रक्तही फिरतंय आणि एचपीएलसीत त्याचा हिमोग्लोबिनही मोजला जाईल, रिपोर्ट फसवा येऊ शकतो. तीन महिने होऊ देत, मग दे, आणि लॅबवाल्याला रक्त कधी चढलं ते आवर्जून सांग. तोपर्यंत घरातली जुनी फाइल काढ. रक्त चढायच्या आधीचा कुठलाही सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजलेला साधा रिपोर्ट, चालेल. त्यात एचबीच्या खाली एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) नावाची ओळ असते, 80 च्या खाली असेल तर आकड्याशेजारी बाण किंवा खूण असते आणि ती कुणी बघत नाही, सगळे फक्त एचबी बघतात आणि आयर्नची बाटली लिहून मोकळे होतात. तसंच आरबीसी काउंट, म्हणजे लाल पेशींची संख्या, बघ. एचबी 10, एमसीव्ही 65-66 आणि तरी आरबीसी साडेपाच-पावणेसहा, असं असेल तर ते लोह कमी असल्यापेक्षा मायनरकडे बोट दाखवतं, कारण लोह कमी असलं की पेशी लहानही होतात आणि संख्येनंही कमी होतात, मायनरमध्ये लहान होतात पण भरपूर असतात. सोबत फेरिटिन करून घे, त्यात अंगातला लोहाचा साठा कळतो. लोह खूप कमी असेल तर एचबीए2 खोटा कमी येतो, म्हणून ते आधी भरून काढावं लागतं.

म्हणून पहिलं रक्त नवऱ्याचं. त्याला काही चढलेलं नाही, त्याची टेस्ट आजही होईल. त्याची एचपीएलसी नीट नॉर्मल आली तर थॅलेसेमिया मेजरचा विषय तिथेच संपला, तू मायनर असलीस तरी. फार तर मूल तुझ्यासारखं मायनर होईल, शाळेत पळेल, झाडावर चढेल, फक्त त्याला विनाकारण आयर्न पाजू नका एवढंच. आणि तो म्हणतो ना माझा काउंट चार कोटी, त्याला सांग की सीमेन रिपोर्टमध्ये शुक्राणू किती आणि कसे पोहतात ते कळतं, आत काय घेऊन चाललेत ते कळत नाही.

दोघंही मायनर निघालात तर? संसार मोडायचं काहीच कारण नाही, पण मग पुढचा चान्स घ्यायच्या आधी दोघांची डीएनए तपासणी करून जीनमधला नेमका बदल कोणता ते शोधून ठेवायचं. आपल्याकडे सगळ्यात जास्त सापडणारा बदल आयव्हीएस 1-5 हा आहे. तो कागद हातात असला की दिवस राहिल्यावर अकराव्या ते तेराव्या आठवड्याच्या सुमारास सीव्हीएस करता येतं, म्हणजे सोनोग्राफीत बघत बघत सुईनं वारेचा बारीकसा तुकडा घेऊन बाळ मेजर आहे का ते बघतात. कागद आधी तयार नसेल तर ते आठवडे बदल शोधण्यातच निघून जातात, म्हणून मी "दिवस राहायच्या आधी" वर एवढा जोर देतेय. दुसरा रस्ता आयव्हीएफ करून गर्भ आधी तपासायचा, ज्याला पीजीटी-एम म्हणतात, तो खर्चिक आहे आणि तुम्हाला दिवस राहायला अडचण नाही, तेव्हा तो पहिला रस्ता मी म्हणणार नाही, पण ज्यांना गर्भपाताचा निर्णय सोसवणार नाही त्यांच्यासाठी तो योग्य असतो आणि तू आधीच दोन गर्भ गमावलेयस म्हणून नोंदवून ठेवते. परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची एनआयआयएच ही रक्ताच्या आजारांवर काम करणारी संस्था आहे, थॅलेसेमिया-सिकलसेल हा तिचा जुना विषय, आणि तुला जवळ म्हणजे चंद्रपूरलाही तिचं केंद्र आहे.

हे झालं होणाऱ्या बाळाचं. पण तुझे दोन गर्भ गेले ते थॅलेसेमियामुळे नाही, हे डोक्यात पक्कं वेगळं ठेव. मायनर असल्यानं सातव्या आठवड्यात ठोके थांबत नाहीत. सेंटरनं सगळ्या टेस्ट एकाच बिलात बांधल्या म्हणून तुला ते एकच प्रकरण वाटतंय.

गर्भ का टिकत नाही यासाठी यादीतली एकच टेस्ट कामाची आहे, कॅरियोटाइप, आणि ती दोघांची. रक्तातल्या पेशी लॅबमध्ये वाढवून त्यांची 46 क्रोमोझोम मांडून बघतात. यासाठी हिरव्या बुचाची हेपरिनची ट्यूब लागते, जांभळ्या बुचात घेतलं तर तिथेच टोक, लॅब परत पाठवील. (घरी रक्त न्यायला येणारा मुलगा नवीन असेल तर त्याला विचार, लाजू नकोस.) रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागतात. वारंवार गर्भपात होणाऱ्या शंभर जोडप्यांत साधारण तीन ते पाच ठिकाणी दोघांपैकी एकात बॅलन्स्ड ट्रान्सलोकेशन सापडतं. म्हणजे दोन वह्यांमधली काही पानं एकमेकींत शिवली गेलीयत, पान एकही हरवलेलं नाही म्हणून त्या माणसाला काही त्रास नाही, पण बाळाला त्यातली एकच वही गेली की काही पानं जास्त, काही कमी, आणि मग गर्भ टिकत नाही. ते तुझ्यात असू शकतं, त्याच्यात असू शकतं, काउंट चार कोटी असलेल्या माणसातही असू शकतं. आणि सापडलं तरी लगेच आयव्हीएफच्या रांगेत उभं राहायचं नाही, अशा बऱ्याच जोडप्यांना पुढे आपसूकच चांगलं मूल होतं, आधी जेनेटिक काउन्सेलरशी बसून बोलायचं.

एक सांगून ठेवते, कॅरियोटाइपच्या रिपोर्टवर कधी कधी "इन्व्हर्जन 9" किंवा "क्यूएच प्लस" असलं काही लिहून येतं आणि घरात सुतक पडल्यासारखं होतं. हे प्रकार कित्येक धडधाकट माणसांत असतात, त्यांना नॉर्मल व्हेरियंट म्हणतात. गूगल करत बसू नकोस.

बाकी पहिल्या तीन महिन्यांत जाणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भांत क्रोमोझोमची गडबड असते आणि ती बहुतेक वेळा त्या त्या वेळेची चूक असते, आई-बापाचं कॅरियोटाइप साफ असतं. तुझ्या वेळी तो तुकडा तपासायला पाठवला होता का? पत्रात नाही म्हणजे बहुतेक नाहीच. देव न करो पण पुन्हा तशी वेळ आली तर डॉक्टरांना आधीच सांगायचं की तुकडा जेनेटिकला पाठवायचाय, सलाइनमध्ये ठेवा, फॉर्मॅलिनमध्ये नको. फॉर्मॅलिनमध्ये पडलं की पेशी मेल्या, मग त्यांची वाढ होत नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये सवयीनं फॉर्मॅलिनचीच बाटली पुढे येते.

आता यादीवर पेन चालवू. वाय क्रोमोझोमची टेस्ट ज्यांचे शुक्राणू फारच कमी असतात, पन्नास लाखांच्या खाली, किंवा अजिबात नसतात, त्यांच्यासाठी असते. चार कोटीवाल्याची का करायची ते सेंटरला विचार, मला कारण दिसत नाही. एमटीएचएफआर तर खोडूनच टाक, त्या नावाच्या जीनमधले बदल निम्म्या जगात असतात आणि गर्भपाताच्या तपासणीत ती टेस्ट नेहमीची म्हणून करू नये असं जेनेटिक्सवाल्यांच्या संघटनांनीच सांगून झालंय, तरी आपल्याकडे ती यादीत येते आणि मग तिच्यावर औषधंही सुरू होतात. त्या पैशांत अँटिफॉस्फोलिपिडच्या, म्हणजे रक्ताच्या गुठळ्या करणाऱ्या अँटिबॉडींच्या, टेस्ट कर (पॉझिटिव्ह आली तर बारा आठवड्यांनी पुन्हा करून खात्री करायची असते), थायरॉइड, शुगर, आणि पिशवीच्या आकारासाठी एक चांगली सोनोग्राफी. या झाल्या असतील तर उत्तम, पत्रात उल्लेख नाही.

राहिलं मोठं कॅरियर पॅनेल, दोघंही एखाद्या आजाराचे छुपे वाहक आहात का ते बघणारं. इथे मी तुझ्या सेंटरशी भांडणार नाही. सख्ख्या आते-मामे भावंडांचे साधारण आठवा हिस्सा जीन एकसारखे असतात, त्यामुळे घराण्यात कुठला तरी छुपा बदल असेल तर तो दोघांकडे असण्याची शक्यता परक्या जोडप्यापेक्षा जास्त. किती जास्त? कुठल्याही जोडप्याला जन्मजात काहीतरी आजार असलेलं मूल होण्याची शक्यता शंभरात दोन-तीन असते, सख्ख्या नात्यात ती चार-सहाच्या घरात जाते. म्हणजे उलट बाजूनं शंभरातली चौऱ्याण्णव तरी मुलं ठीक असतात, हेही आत्याला सांग. आजी-आजोबांचंही नात्यातच लग्न झालेलं असेल तर आकडा आणखी चढतो, ते घरी विचार. म्हणून ऐपत असेल तर पॅनेल करा, पण शेवटी. आधी नवऱ्याची एचपीएलसी, मग दोघांचं कॅरियोटाइप, मग तुझी एचपीएलसी, आणि ते सगळे कागद घेऊन काउन्सेलरकडे. पैसे भरायच्या आधी लेखी विचारायचं की यात एसएमए (स्नायू दुबळे होत जाणारा आनुवंशिक आजार) आणि थॅलेसेमिया धरलेत का, कारण एसएमएचे वाहक चाळीस-पन्नास माणसांत एक असतात आणि त्याच आजाराचं ते सोळा कोटींचं इंजेक्शन, बातम्यांत येतं ते. दुसरं विचारायचं की नीट अर्थ न लागणारे बदल रिपोर्टमध्ये लिहिता का. त्यांना व्हीयूएस म्हणतात आणि त्यांनी लोकांच्या झोपा उडवल्यात, त्याच्यावर कुठलाही निर्णय घ्यायचा नसतो. आणि पॅनेल साफ आलं म्हणजे सगळंच साफ असं नाही, जेवढं तपासलं तेवढं साफ.

आता तुझा खरा प्रश्न, माझ्यात दोष निघाला तर काय. अगं, आत्या म्हणते आमच्या खानदानात काही नाही, पण तिचं माहेर म्हणजे तुझंच घर की! तुझ्याकडे जे निघेल ते तुझ्या आजीचं नाहीतर आजोबांचं असण्याची शक्यता मोठी, आणि त्याच आजी-आजोबांची ती लेक. तिनं तुझ्याकडे बोट दाखवलं तर ते फिरून तिच्याच अंगणात पडतं. पण हे तिच्या तोंडावर मारू नकोस. त्या बाईनं आठ महिन्यांचं लेकरू गमावलंय आणि पस्तीस वर्षं दृष्टीवर ढकलून दिवस काढलेत, "तुझ्याच रक्तात होतं" हे ऐकवून तुला काय मिळणार? तिच्याजवळ बसून नुसतं विचार, त्याचं पोट फुगलं होतं का, डोळे पिवळे दिसायचे का, रक्त चढवलं होतं का, कुठल्या डॉक्टरकडे नेलं होतं. बोलू दे तिला. कुणी विचारलंही नसेल इतक्या वर्षांत. आणि त्यातूनच काउन्सेलरला हवी ती माहिती मिळते.

रिपोर्ट मात्र आधी तुम्ही दोघांनीच बघायचे. सेंटरला आधीच सांगून ठेवा की फोन दोघांपैकीच एकाला करायचा, घरच्या नंबरवर नाही. दोघांपैकी कुणीही मायनर निघालं तर मग घरात सांगावं लागेल, कारण तुझी भावंडं, नणंद, त्यांची लग्नं ठरायचीयत. पत्रिका जुळवतात तिथे एक एचपीएलसीही बघून घेतली तर कुणाचं काही जात नाही. रिपोर्ट कुणाचा होता तेवढं गाळून सांगितलं तरी चालतं.

आणि आयव्हीएफचं नाव निघालं की "मग मुलगाच घेता येईल का" हा प्रश्न कुणीतरी घरात विचारणार, मी पैजेवर सांगते. नाही घेता येत. लिंगनिदानाचा कायदा 1994 चा आहे, त्यात पुढे गर्भधारणेच्या आधीची लिंगनिवडही आली, आणि आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीचा 2021 चा एआरटी कायदाही तेच सांगतो. विचारणाऱ्यालाही शिक्षा आहे, डॉक्टरलाही.

नवऱ्याला सुईची भीती आहे का रिपोर्टची, ते तू ओळखतेस. माझा अंदाज रिपोर्टची. त्याला त्याच्या त्या भावाची गोष्ट सांग, तुझ्या रक्ताची नको. बहुतेक त्याला ती धड माहीतच नसेल.

फोलिक अ‍ॅसिड आजपासून चालू ठेव. आयर्नची नवी बाटली मात्र फेरिटिन बघितल्याशिवाय आणू नकोस. टेस्टचं वेळापत्रक जमेपर्यंत चान्स घ्यायचा थांबव, त्यासाठी डॉक्टरांकडून काहीतरी साधन लिहून घे. आणि नवऱ्याची एचपीएलसी आली की एचबीए2 आणि एमसीव्ही एवढे दोनच आकडे मला लिहून पाठव. कागदाचा फोटो नको, त्यावर त्याचं नाव असतं.